नाक धरणारा डॉक्टर

२०१७ साल होतं आणि मी अडुसष्ट वर्षांचा होतो, तेव्हा एका डॉक्टरनं माझं नाक धरलं. बोटांच्या चिमटीत, बाकावर बसलेल्या चार माणसांसमोर. आमच्या घराण्यात नाकाला हात लावून घरी सुखरूप गेलेला माणूस मला तरी माहीत नव्हता. हा गेला. आणि त्याच्याबद्दल मी आज लिहायला बसलोय, म्हणजे बघा.

लोक म्हणतात तो सटकलेला होता. होता. मी कुठं नाही म्हणतो? पण सटकलेला माणूस खोटा असतो हे कोणी सांगितलं? मी शहाणी माणसं फार पाहिलीत, त्यांच्या सह्या कुठंही मिळतात.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. मास्तर म्हणाले पाचवीत नको, मीही म्हटलं नको, दोघांचं जमलं. तेव्हा शुद्धलेखन बघायचं असेल त्यानं दुसरीकडे बघावं. डॉक्टर वयानं माझ्याहून लहान, म्हणून इथं 'तो' लिहितो. तोंडावर मी साहेबच म्हणत होतो. तो मला 'उस्ताद' म्हणायचा. त्यात मान किती आणि चिमटा किती, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आमचे पूर्वज दक्खनेतून फौजेबरोबर ग्वाल्हेरला आले ते शिंग फुंकत. फौज गेली, शिंग खुंटीला लागलं, घरात सनई आली. शिंदे की छावनीत आमचं मराठ्यांचं एक मंदिर आहे. त्याच्या दारावरच्या नगारखान्यात पहाटेच्या आरतीला आधी आजोबा वाजवत, मग वडील, मग मी. डॉक्टरचे पूर्वज दरबारात पूजा सांगत. तो म्हणायचा, "उस्ताद, तुमचे लोक फुंकत होते, आमचे पुटपुटत होते. राज्य दोघांनीही नाही चालवलं."

तो शहरातल्या सिटी सेंटर भागात एका जाँच केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर बसायचा. केंद्र त्याचं नव्हतं, मालक दुसरा. डॉक्टर फक्त पोटाचा, आणि त्याच्याकडे एक यंत्र होतं. त्याचं काम त्यानं मला समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. दुधात एक साखर असते. ज्याच्या पोटाला ती पचत नाही, त्याच्या आतड्यात ती जिलबीच्या भिजवलेल्या पिठासारखी आंबते. आंबली की वायू धरतो. तो वायू रक्तात शिरतो, रक्तातून छातीत येतो आणि श्वासाबरोबर बाहेर पडतो. माणसाला ती साखर पाण्यात घालून पाजायची, मग तीन तास मधून मधून एका चकचकीत पिशवीत फुंकायला लावायचं. पिशवीतली हवा यंत्राला द्यायची, यंत्र आकडा सांगतं. आकडा चढला तर दूध पचत नाही. नाही चढला तर पचतं.

"असं पुस्तकात लिहिलंय," डॉक्टर म्हणायचा. "पण यंत्र फुंकर ओळखतं, उस्ताद. माणूस नाही ओळखत."

सकाळी पहिली फुंकर तो स्वतः मारायचा. दुकानदार बोहनीला करतो तितक्या भक्तीनं. आदल्या रात्री तो नुसता पांढरा भात खायचा, म्हणजे सकाळी आकडा खाली यायला हवा. एकदा तो उगाच चढला. डॉक्टरनं यंत्रावर टॉवेल टाकला आणि बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं, "आज मशीन की तबीयत ठीक नहीं है. कल आइए." मालक धावत वर आला, खूप ओरडला. डॉक्टर शांतपणे म्हणाला, "मी भात खाल्ला, तर हा आकडा कुणाचा? तुमचा?"

दुसरी सवय म्हणजे रात्री काय खाल्लं हे तो तीनदा विचारायचा, तीन तऱ्हेनं. आधी सरळ. मग म्हणायचा, "घरी भाजी काय होती?" मग एकदम, "कचोरी गरम होती का?" तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण सापडायचे. कारण आदल्या रात्री साधा भात सोडून काही खाल्लं, डाळ खाल्ली, राजमा खाल्ला, तर तेच आतड्यात आंबतं आणि आकडा चढतो. मग दुधाला उगाच फाशी. तो लोकांचे हातसुद्धा हुंगायचा. विडीचा वास आला की परत पाठवायचा, त्यानंही आकडा बिघडतो म्हणे.

एक ठेकेदार आला होता, गळ्यात साखळी, बरोबर दोन माणसं. राजमा खाऊन आला होता. डॉक्टर म्हणाला, परत जा. तो म्हणाला, "डॉक्टर साब, मुझे रिपोर्ट चाहिए, भाषण नहीं."

"रिपोर्ट हवा तर छापखान्यात जा," डॉक्टर मराठीत म्हणाला. त्याला राग आला की तो आधी मराठीत बोलायचा, मग समोरच्याची कीव येऊन हिंदीत. "छपवा लो. बॉर्डर भी लगवा लेना, गणेशजी भी."

आणि ती हजीरा मोहल्ल्यातली सासू. सुनेला घेऊन आली होती. सुनेचा आकडा असा चढला की सासूला आनंद लपवता येईना. "देखा! मैं तो पहले दिन से कह रही थी, इसके पेट में खोट है."

डॉक्टरनं सुनेला विचारलं, "चाय पीती हो?"

"जी. चार-पाँच बार."

"खीर? दूध?"

"सब."

"पेट दुखता है? फूलता है? अभी भी कुछ हुआ?"

"नहीं तो."

"तो पियो."

सासू म्हणाली, "पर मशीन तो..."

"मशीन को तकलीफ़ है तो मशीन न पिए."

माझा नंबर यायची वाट बघत मी बाकावर बसून हे ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, हा माणूस आपला आहे. कारण मला काही झालेलं नव्हतं. मी तिथं आजार शोधायला गेलोच नव्हतो. मी गेलो होतो कागद आणायला.

ते असं झालं. माझे वडील सनईला बसण्याआधी पहाटे लोटाभर दूध प्यायचे, उभ्यानं. म्हणायचे, "पाण्याचा दम आरतीपर्यंत पुरतो, दुधाचा दम आयुष्यभर." मीही तसंच पीत आलो. लग्नाच्या दिवशी प्यायलो, बायको गेली त्या पहाटे प्यायलो, पाऊस असो थंडी असो. पण साठीनंतर कधी कधी वाजवताना पोटात गुडगुड व्हायला लागली. फुगायचं, कळ यायची. मी कोणाला बोललो नाही. मग त्या वर्षीच्या गुढीपाडव्याला, खाली सगळी छावनी नव्या कपड्यांत उभी, वर मी रंगात आलेलो, आणि पोटानं असा काही हुकूम सोडला की सनई ठेवून मला जिना उतरावा लागला. धावत. खाली माणसांनी वाट करून दिली. वाट करून देताना एक जण हसला, तो कोण ते मला ठाऊक आहे.

मंदिराचा सेक्रेटरी आमच्याच नात्यातला, चाळिशीचा, मराठीत सुरुवात करून हिंदीत उतरणारा. तो घरी आला. "काका, बुरा मत मानना. आता तुमचं वय झालं. आपण एक अच्छा सा स्पीकर लावून घेऊ, सनईचं रेकॉर्डिंग मिळतं. तुम्ही खुर्ची टाकून बसा, आराम से."

मी म्हटलं, "तुझा बाप कीर्तनात झोपायचा, त्याच्या जागी कोणी गादी ठेवली होती का?"

"काका, मी कमिटीला काय सांगू? त्योहार के दिन पुन्हा असं झालं तर?" मग म्हणाला, "तुम्ही डॉक्टरचा कागद आणा. पेट में कुछ नहीं है, असं लिहून. नवरात्र बसायच्या आत. मग कोणी काही बोलणार नाही."

म्हणून मी पिशवीत फुंकायला गेलो. आदल्या रात्री नुसता भात, वर मीठ. विडी मी कधीच ओढत नाही, छाती ही आमची पूंजी. डॉक्टरनं तीनदा विचारलं, मी तीनदा भात म्हटलं. तिसऱ्यांदा त्यानं विश्वास ठेवला, कारण माझा चेहरा भात खाल्लेल्या माणसासारखाच होता म्हणाला. गोड पाणी पाजलं. मग पिशवी दिली. "एका दमात भरा, उस्ताद. हळू."

एका दमात भरा, हे तो कोणाला सांगत होता? सनईवाल्याला? मी पिशवी अशी भरली की तिच्या शिवणी ताणल्या. दर वेळी. बाकावरचे लोक बघत राहिले. एक म्हातारा म्हणाला, "वाह." मी त्याच्याकडे बघितलंही नाही.

आकडा जेमतेम हलला. तीन तास झाले तरी हलून हलून इतकासा. म्हणजे पोट साफ, दूध पचतं, कागद तयार. फक्त एक अडचण होती. त्या तीन तासांत माझं पोट असं वाजत होतं की दोन खुर्च्या सोडून बसलेल्या बाईनं पदर तोंडाला लावला, आणि मी मध्ये दोनदा मजल्याच्या टोकाच्या संडासात जाऊन आलो. पण ते माझं खासगी काम. ते यंत्राला कोण सांगणार?

डॉक्टरनं कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पेन खिशात ठेवलं.

"सही नाही करणार."

"का? यंत्र म्हणतंय ना?"

"पोट चौघडा वाजवतंय आणि यंत्र म्हणतं शांतता आहे. दोघांपैकी एक खोटं बोलतंय. पोटाला खोटं बोलायचं कारण नाही." तो उठून माझ्यासमोर उभा राहिला. "काही जणांचा वायू वेगळ्या जातीचा असतो, तो ह्या यंत्राला दिसतच नाही. तसं असू शकतं. पण आधी एकदा फुंका. पिशवी नको. नुसतं फुंका."

मी फुंकलं. त्यानं दोन्ही हात माझ्या गालांवर ठेवले. मग एक बोट नाकाखाली धरलं. आणि हसला, असा हसला की मला त्याच्या दाढेतली चांदी दिसली.

"उस्ताद, तुम्ही फुंकताय तोंडानं आणि त्याच वेळी नाकानं आत घेताय!"

"मग? सनई कशी वाजवतात? सूर तुटायला नको. गालात हवा धरायची, ती सोडता सोडता नाकानं नवी घ्यायची. हे यायला मला चार हिवाळे लागले. वडील पाण्याच्या वाटीत काडी घालून फुंकायला लावायचे, बुडबुडा थांबला की पाठीत."

"बुडबुडा थांबला नाही, म्हणूनच आकडा चढला नाही." तो खुर्चीत बसला. "ऐका. वायू असतो छातीच्या तळाच्या हवेत. तुम्ही मला वरवरची दिली, त्यात सारखी बाहेरची ताजी मिसळत राहिलात. विहिरीचा तळ गढूळ आहे का ते बघायचं, आणि तुम्ही वर पडलेलं पावसाचं पाणी आणून देताय. छाती रिकामी होईपर्यंत सोडा. एकदम तळापर्यंत."

मी म्हटलं, "ते होणार नाही."

"का?"

"आमच्यात दम संपेपर्यंत फुंकत नाहीत. दम संपला तो वाजवणारा संपला. वडिलांनी शिकवलेली पहिली गोष्ट ही."

"मग सही नाही."

"नको तुमची सही."

खाली मालक भेटला. त्यानं सगळं ऐकलं होतं. "बाबूजी, आप चिंता मत कीजिए. मशीन ने पास किया है. दस्तख़त दूसरे डॉक्टर से करवा देंगे." आणि दिला करवून. कागद घेऊन मी रस्त्यावर आलो तर डॉक्टर स्कूटरला किक मारत होता. स्कूटर सुरू होत नव्हती. तो न बघताच म्हणाला, "कागद सेक्रेटरीला द्या. पोटाला वाचून दाखवू नका, त्याला वाचता येत नाही."

इथं कोणाला वाटेल मी आता म्हणेन, मी चुकलो. मी म्हणत नाही. मी फुंकलं ते बरोबरच फुंकलं. यंत्राला सनई कळत नाही ह्यात माझा काय दोष? पण कागद मी सेक्रेटरीला दिला नाही. कोटाच्या खिशात ठेवून फिरत राहिलो. रोज पहाटे दूध प्यायचो, मुद्दाम, लोटा नेहमीपेक्षा भरून. नवरात्राला चार दिवस राहिले असताना एका पहाटे पुन्हा तेच झालं. खाली फक्त फुलवाली होती. मी जिना उतरून धावलो तेव्हा तिनं हार ओवता ओवता मान खाली घातली. हसली असती तर बरं झालं असतं. मी त्या दिवशी परत वर गेलो नाही. पायरीवर बसलो आणि नगारखान्याकडे बघत राहिलो. तिथं काळा स्पीकर कसा दिसेल ते मला स्पष्ट दिसलं. चांगला कागद खिशात होता आणि जागा चालली होती.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी परत सिटी सेंटरला गेलो. डॉक्टरनं वरूनच "या" म्हटलं, दुसरं काही नाही. मालकानं जिन्यात अडवलं, "बाबूजी, आपका तो हो गया था!" डॉक्टर वरून ओरडला, "झालं नव्हतं! इनका आज होगा!"

भात? भात. घरी भाजी? भात. कचोरी?

"साहेब, पुरे."

गोड पाणी प्यायलो. पिशवी आली. मी पिशवी तोंडाला लावली आणि गाल आपोआप फुगले. साठ वर्षांची सवय, ती काय सांगून जाते? डॉक्टर म्हणाला, "नाही. असं नाही होणार." आणि त्यानं माझं नाक धरलं.

मी त्याचा हात झटकला.

"उस्ताद," तो हळू म्हणाला, "तुम्ही मला आता ठोसा मारू शकता, माझी हरकत नाही. पण मारायलाही दम लागेल, तोही तळापासून सोडा."

मी त्याच्याकडे बघितलं. बारका माणूस, चष्म्याला एका बाजूनं दोरा. नोकरी सांभाळायची तर मागच्या खेपेला सही करून मोकळा झाला असता. ह्याला माझ्या पोटाशी काय घेणं होतं? मी मान पुढं केली. त्यानं पुन्हा नाक धरलं, ह्या वेळी जरा अदबीनं. मी फुंकलं. गाल रिकामे झाले. नाकानं घ्यायला गेलो, वाट बंद. छाती खाली खाली जायला लागली. "अजून," तो म्हणाला. "अजून. तळ नाही आला." डोळ्यांत पाणी आलं, ते दमाचं. कानात वडिलांचा आवाज आला, दम संपला तो संपला. आणि छाती पुरती रिकामी झाली, एकदम कोरडी. त्यानं नाक सोडलं. मी श्वास घेतला.

संपलो नव्हतो. तेवढं मला तिथंच कळलं.

दर वेळी त्यानं नाक धरलं, दर वेळी मी तळापर्यंत गेलो. आकडा पहिल्यांदा बसून होता, मग उठला, मग चढत गेला, आणि तो चढत होता तेव्हाच पोट वाजायला लागलं. डॉक्टर यंत्राकडे बघत एक कान माझ्या पोटाकडे करून उभा होता. दोन्हीकडून एकच बातमी आली तेव्हा कुठं त्यानं मान हलवली.

"दूध," तो म्हणाला. "दुसरं काही दिसत नाही. म्हातारपण नाही, छाती नाही, काही नाही. फक्त दूध."

"नक्की?"

"नाही."

मी उठलोच. "म्हणजे? नाक धरलंत, छाती रिकामी केलीत, आता म्हणता नक्की नाही?"

"मागच्या वेळी हेच यंत्र उलटं म्हणत होतं ना? मग आज त्याच्या पायावर डोकं कशाला ठेवू?" त्यानं कागदावर सही केली, जोरात, कागद फाटेल अशी. "खरी जाँच उद्या पहाटे. दुधाशिवाय बसा. पोट गप्प राहिलं तर हा कागद खरा. नाही राहिलं तर दोन्ही कागद घेऊन या, मी खातो."

"आणि दुधाशिवाय दम पुरला नाही तर?"

तेव्हा तो हसला नाही. "तळ मी आज पाहिलाय तुमचा. पुरेल."

त्याच वर्षअखेरीस मालकानं त्याला काढलं. सह्या कमी पडत होत्या. मग तो घरीच ओट्यावर बसायचा, यंत्राविना. लोकांना दूध पाजायचा, गप्पा मारायचा आणि त्यांच्या पोटाकडे कान लावायचा. लोक हसायचे. आता तो राहिला नाही. परवा एकानं माझ्यासमोर त्याला वेडा म्हटलं, म्हणून हे लिहायला घेतलं. त्या माणसालाही मी तोंडावर सांगितलं काय सांगायचं ते, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तर दुसऱ्या दिवशी पहाटे, घटस्थापनेला, मी नेहमीसारखा दुधाचा लोटा भरला. नेहमीसारखा उपरण्यात झाकून मंदिरात नेला. सगळी छावनी खाली जमलेली. नगारखान्यात कोपऱ्यात नवा स्पीकर ठेवलेला, वायर जोडून, वर रुमाल. सेक्रेटरी जिन्याशी हात चोळत उभा. "काका, कागद?"

मी दोन्ही कागद त्याच्या हातावर ठेवले, एक म्हणतो दूध पचतं, एक म्हणतो पचत नाही. तो एक वाचतो, दुसरा वाचतो, परत पहिला. "काका, ह्यातला कौनसा सही है?"

"थांब, कळेल," मी म्हटलं, आणि भरलेला लोटा त्याच्या हातात दिला. "घे, तू पी. मी वाजवतो."

आणि जिना चढलो. आरती झाली, मंत्रपुष्प झालं, लोकांनी प्रसाद घेतला, तरी मी वाजवत होतो. पोट गप्प. खाली सेक्रेटरी दोन्ही हातांत लोटा धरून तसाच उभा होता, वर बघत. आणि रस्त्याच्या पलीकडे एक स्कूटर सुरू होत नव्हती.